शेजाऱ्याचा बोअर आणि आपली विहीर: हिशेब करून बघूया

(ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीय, बाकी भाषा तशीच ठेवलीय.)

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, घरी कोरडवाहूपेक्षा थोडी बरी शेती. मेसेज असा: "दादा, आमची विहीर सात परस आहे. शेजारच्यांनी शंभर मीटरवर तीनशे फूट बोअर घेतला. पप्पा म्हणतात, आता आपण चारशे फूट घ्यायचा, नाहीतर आपलं पाणी ते ओढून नेतील. सोसायटीचं कर्ज काढायचं चाललंय. पाणी खरंच असं ओढलं जातं का?"

प्रश्न एकदम रास्त आहे, आणि गावोगावी यावरून भांडणं होतात. पण उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात दिलं तर काहीच उपयोग नाही. किती ओढलं जातं, किती दिवसांत आणि किती लांबून, हे आकड्यांत सांगता आलं पाहिजे. आणि ते येतं. मी काही भूजलतज्ज्ञ नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण भूजलाचं गणित हे आमच्या लोकांना आवडेल असंच आहे: थोडी समीकरणं, भरपूर गृहीतकं आणि डेटाची बोंब.

आधी एक चित्र डोक्यातून काढून टाका. जमिनीखाली नदी वाहते, तिची "शीर" लागली की पाणीच पाणी, हे ते चित्र. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टवर बसलाय. त्यात वर माती, मग मुरूम, मग फुटका खडक, मग घट्ट कातळ, मध्येच मांजऱ्या, मध्येच गेरूसारखा तांबडा थर, आणि पुन्हा कातळ. लाव्हाचे थर एकावर एक थापलेले. पाणी राहतं ते मुरमात, फुटक्या खडकात आणि फटींमध्ये. ज्या थरात पाणी साठतं आणि ज्यातून ते हलतं, त्याला जलधर म्हणतात.

हलतं किती वेगाने? हे पहिल्यांदा नीट मोजलं आँरी दार्सी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने. दिजों शहराला पिण्याचं पाणी आणून देणारा हाच माणूस. त्याने उभ्या नळकांड्यात वाळू भरली, वरून पाणी सोडलं, खालून किती येतं ते मोजलं आणि १८५६ मध्ये छापलं. नियम इतका साधा की पहिल्यांदा वाचल्यावर वाटतं, बस, एवढंच? पाणी किती वाहणार, तर पातळीचा उतार गुणिले आडवा छेद गुणिले त्या मातीखडकाचा स्वतःचा एक आकडा. झालं. उतार दुप्पट, प्रवाह दुप्पट.

आपल्याकडचे आकडे टाकून बघू. फुटक्या बेसाल्टचा तो आकडा धरू दिवसाला १ मीटर. पाण्याच्या पातळीचा उतार धरू शंभर मीटरला एक मीटर. गुणाकार आला दिवसाला १ सेंटिमीटर. पण पाणी सगळ्या खडकातून जात नाही, फक्त फटींतून जातं, आणि त्या फटी धरू २ टक्के. म्हणून १ सेंटिमीटरला ०.०२ ने भागायचं. पाण्याचा खरा वेग येतो दिवसाला अर्धा मीटर, वर्षाला साधारण १८० मीटर. गोगलगायसुद्धा याला ओव्हरटेक करेल. म्हणजे शेजाऱ्याने आज पंप चालू केला आणि तुमच्या विहिरीतला थेंब उद्या त्याच्या पाइपात, असं होत नाही.

पण थांबा. थेंब पोचत नाही, पातळीतला फरक मात्र पोचतो. आणि खरी गोष्ट इथेच आहे.

पंप चालू झाला की त्या विहिरीभोवती पातळीत खळगा पडतो, उलट्या शंकूसारखा. विहिरीपाशी खोल, लांब गेलं की उथळ. दिवस जातील तसा तो रुंद होत जातो. तुमची विहीर त्या खळग्यात आली की तुमचीही पातळी उतरते. हा खळगा वेळेनुसार कसा पसरतो, याचं गणित १९३५ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या सी. व्ही. थाइस यांनी मांडलं. त्यांची युक्ती मला फार आवडते. त्यांच्या लक्षात आलं की खडकातून पाणी सरकणं आणि धातूतून उष्णता सरकणं, दोन्हींचं समीकरण एकच आहे. उष्णतेचं उत्तर गणितज्ञांकडे आधीपासून तयार होतं. थाइस यांनी लुबिन नावाच्या आपल्या गणितज्ञ मित्राची मदत घेतली आणि ते उत्तर पाण्यासाठी वापरलं. तापलेल्या तव्याच्या मधोमध बर्फाचा खडा ठेवा. गारवा कडेपर्यंत जायला वेळ लागतो, आणि तवा जाड की पातळ, लोखंडी की ॲल्युमिनियमचा, यावर तो वेळ ठरतो. तसंच हे.

थाइस यांच्या सूत्राला खडकाबद्दलचे फक्त दोन आकडे लागतात. एक वहनक्षमता: सगळ्या जाडीतून मिळून पाणी किती सहज जातं. दुसरा साठवण गुणांक: पातळी एक मीटर उतरली की खडक खरोखर किती पाणी सोडतो. या दुसऱ्या आकड्यावर जरा थांबतो, कारण महाराष्ट्राची निम्मी पाणीकहाणी त्यात आहे.

केंद्राच्या भूजल अंदाजाच्या पद्धतीत वाळूच्या गाळासाठी हा आकडा १६ टक्के धरतात. आपल्या झिजलेल्या, फुटक्या बेसाल्टसाठी २ टक्के. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पातळी १ मीटर उतरली तर गाळाच्या प्रदेशात एका एकराखालून साधारण ६४७ घनमीटर पाणी मिळालं, दहा हजार लिटरचे जवळपास ६५ टँकर. आपल्याकडे? ८१ घनमीटर. आठ टँकर. म्हणून पंजाबची किंवा गंगेच्या खोऱ्याची बातमी वाचून "तिकडे पातळी इतकी उतरली, आपली तर त्याहून कमी उतरली" अशी तुलना करू नका. मीटर सारखा असला तरी त्यामागचं पाणी सारखं नसतं. याचा उलटा अर्थही आहे: आपल्या विहिरी एका चांगल्या पावसात झपकन वर येतात, आणि सगळ्यांना वाटतं भरपूर मुरलं. मुरलेलं असतं थोडंच. भांडंच लहान आहे.

आता श्रोत्याच्या प्रश्नाकडे. आधी सोपी केस घेऊ: शेजाऱ्याचीही विहीरच आहे, त्याच मुरमात आणि फुटक्या खडकात. पंप सेकंदाला ३ लिटर देतो, रोज ८ तास चालतो. दिवसाला ८६ घनमीटर झाले. वहनक्षमता धरली दिवसाला ३० चौरस मीटर, साठवण २ टक्के. थाइस यांचं सूत्र पायथनमध्ये चार ओळींत बसतं. उत्तर येतं असं: शंभर मीटरवरच्या तुमच्या विहिरीची पातळी ३० दिवसांनी ५४ सेंटिमीटर उतरते, १२० दिवसांनी ८५ सेंटिमीटर. तीच विहीर ५०० मीटरवर असेल तर ३० दिवसांनी जेमतेम ३ सेंटिमीटर आणि १२० दिवसांनी १८.

म्हणजे ओढलं जातं. एका पंपाने विहीर आटत नाही, पण ओढलं जातं. आणि या सूत्राची गंमत, किंवा वाईट बाजू म्हणा, की परिणामांची सरळ बेरीज होते. पाचशे मीटरच्या आसपास असे दहा पंप असतील तर १२० दिवसांनी तुमच्या विहिरीत १.८ मीटर गेले. दहांपैकी प्रत्येक जण खरंच सांगेल की माझ्यामुळे फक्त १८ सेंटिमीटर. कोणीही खोटं बोलत नाहीये.

आता बोअर. इथे गणित पार बदलतं. तीनशे फूट खाली कातळाखाली दाबलेल्या एखाद्या फटीत पाणी असेल, तर तिथे साठवणीचा आकडा २ टक्के राहत नाही. तिथे खडक रिकामा होत नसतो, फक्त दाब कमी होतो. आकडा ०.०००१ इतका बारीक असू शकतो. बाकी सगळं तेच ठेवून हा एकच आकडा बदला. ५०० मीटरवर एका दिवसात २७ सेंटिमीटर. आधी १२० दिवसांत १८ होते, आठवतंय ना? शंभर मीटरवर एका दिवसात ९७ सेंटिमीटर, महिन्याने पावणेदोन मीटर. आणि खोल फटींची वहनक्षमता मी धरलेल्या ३० पेक्षा बरेचदा खूप कमी असते, मग खळगा आणखी खोल.

पण हा फरक पोचतो कुणाला? त्याच फटीत असलेल्या दुसऱ्या बोअरला. सात परस विहीर वरच्या थरात आहे, तिचा खालच्या फटीशी थेट संबंध नसेल तर तिला हा झटका लागत नाही. वरून खाली पाझर होतो, तो हळूहळू. आता या मुलाच्या पप्पांचा बेत बघा. ते वरच्या थरातून उठून शेजाऱ्याच्याच फटीत उतरायला निघालेत, आणि तिथे दोघं एकमेकांना कैक पटीने जोरात ओढणार आहेत. पुढच्या वर्षी शेजारी पाचशे फूट जाईल. त्यानंतर कोण जाईल ते सांगायला मॉडेल लागत नाही.

एक अपवाद मात्र फार महत्त्वाचा. बोअरचं केसिंग वरच्या मुरमातून पक्कं खाली कातळात बसवलेलं नसेल, पैसे वाचवायला दहावीस फुटांवरच थांबवलं असेल, तर तो बोअर म्हणजे वरच्या थराच्या बुडाला पाडलेलं भोक आहे. विहिरीचं पाणी त्यातून खाली पडत राहतं, पंप बंद असतानासुद्धा. हे तपासायला मशिन लागत नाही. रात्री सगळं शांत झाल्यावर, पंप बंद असताना, बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज येत असेल तर केसिंगचं बोलायला शेजाऱ्याकडे जायला हरकत नाही. भांडायला नको, बोलायला.

कायद्याचं काय, असं कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच. आपल्या राज्यात १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली होती. मगाशी आपण ५०० मीटरचे जे दोन आकडे काढले ते शेजारी शेजारी ठेवा. वरच्या थरात हे अंतर चांगलं काम करतं, खोल फटीत ते एका दिवसात ओलांडलं जातं. आणि त्याच्याही मागे उभा आहे १८८२ चा सुविधाधिकार कायदा. तो म्हणतो की ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारं जमिनीखालचं पाणी मालकाने आपल्या हद्दीत गोळा करावं, हा त्याचा हक्क. दार्सीचा नियम तेव्हा २६ वर्षांचा झाला होता! पातळीचा खळगा बांध ओळखत नाही हे तेव्हाही कळण्यासारखं होतं.

आता थोडं माझ्या आवडीचं. थाइस यांच्या सूत्रात जमीन सगळीकडे सारखी आणि अमर्याद पसरलेली धरलीय. गाव तसं नसतं. एकीकडे ओढा, एकीकडे डोंगर, मध्येच डाइक. धुळे-नंदुरबारकडे असे उभे डाइक रांगेने आहेत. कुठे ते पाणी अडवतात, कुठे त्यांच्याच कडेच्या फटींतून पाणी चालतं. मग काय करायचं? गावाचे चौकोन पाडायचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. प्रत्येक चौकोनाला एक पातळी द्यायची. आणि नियम एकच: जितकं पाणी आत, तितकं बाहेर. जमीन एकसारखी असेल आणि पाऊसउपसा काही नसेल, तर या नियमाचा अर्थ निघतो की प्रत्येक चौकोनाची पातळी म्हणजे त्याच्या चार शेजाऱ्यांची सरासरी. इतकंच! हे गूगल शीटमध्ये करता येतं. वीस बाय वीसचा पट घ्या, कडेच्या खान्यांत ओढ्याची पातळी टाका, आतल्या प्रत्येक खान्यात चार शेजाऱ्यांची सरासरी, आणि सेटिंगमध्ये जाऊन पुनरावृत्तीने गणित चालू करा. जिथे पंप आहे त्या खान्यात सरासरीतून उपसा भागिले वहनक्षमतेची चौपट वजा करा. आपल्या पंपाचे ८६ भागिले १२०, म्हणजे ०.७२ मीटर. एंटर मारा आणि खळगा स्वतःच्या डोळ्यांनी तयार होताना बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा जेवायचं राहिलं होतं.

मोठी माणसं यासाठी मॉडफ्लो वापरतात. मॅकडोनाल्ड आणि हारबॉ या दोघांनी अमेरिकेच्या त्याच भूवैज्ञानिक सर्वेक्षणात तो लिहिला, १९८४ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. फोरट्रानमध्ये आहे, फुकट आहे, आजही सुधारला जातोय. फ्लोपाय नावाची लायब्ररी घेतली की पायथनमधून चालवता येतो. चाळीस वर्षं जिवंत असलेला कोडबेस आहे मंडळी. आमच्याकडे चार वर्षांत सगळं नव्याने लिहायची मीटिंग लागते.

मॉडेल चालवणं हा सोपा भाग. त्यात आकडे कुठले घालायचे, तिथे सगळं अडतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. चांगलं काम आहे आणि वर्षानुवर्षं चाललंय. पण नुसत्या पातळीवरून काय कळतं? समजा एका मॉडेलमध्ये मी मुरणारं पाणी ५० मिलिमीटर, वहनक्षमता ३० आणि उपसा अमुक इतका धरला. दुसऱ्यात तिन्ही दुप्पट केले. पातळी स्थिरावल्यावर दोन्ही मॉडेलमध्ये प्रत्येक विहिरीची पातळी तंतोतंत सारखी येते. तंतोतंत! नुसती पातळी जुळवून तुम्हाला गावाकडे पाणी किती आहे ते कळत नाही, फक्त आकड्यांची आपसातली गुणोत्तरं कळतात. मग कोणीतरी सुंदर रंगीत नकाशा दाखवून म्हणालं की आमचं मॉडेल निरीक्षणांशी छान जुळलं, तर विचारायचं: उपसा मोजला होता का?

कारण उपसा कळला की ही कोंडी फुटते. एक खरा प्रवाह हातात आला की बाकीचे आकडे जागेवर येतात. आणि नेमका तोच आपण मोजत नाही. सरकारी अंदाजात उपसा बहुतेक विहिरींची संख्या गुणिले एका विहिरीमागची सरासरी, असाच काढतात. त्या अंदाजाला मुरलेल्या पाण्यातल्या वापरता येण्याजोग्या वाट्याने भागून टक्केवारी येते. ७० पर्यंत सुरक्षित, ९० पर्यंत अंशतः शोषित, १०० पर्यंत शोषित, त्यापुढे अतिशोषित. तुमच्या तालुक्याचा शिक्का वरच्या त्या अंदाजावर ठरतो. बऱ्याच कृषिपंपांना मीटर नाही, आणि २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत झाल्यावर मीटर बसवायची घाई कुणाला असणार? वीज मोफत असावी की नसावी, तो वाद इथे नको. पण बिल गेलं की मोजमापही जातं, एवढं खरं.

किती फरक पडतो बघा. ६०० मिलिमीटर पाऊस पडला. झिजलेल्या बेसाल्टसाठी त्यातला ७ टक्के मुरतो असं केंद्राच्या पद्धतीत धरतात, म्हणजे ४२ मिलिमीटर, एकरी १७० घनमीटर. आपला तो एक पंप १२० दिवसांत उपसतो १०,३६८ घनमीटर. भागाकार केला तर ६१ एकरांवर मुरलेलं पाणी. खडक मांजऱ्या, सांधे पडलेला असेल तर १३ टक्के धरतात. तरी ३३ एकर. शेतात दिलेल्या पाण्यातलं काही परत खाली जातं, ते वजा करा हवं तर. तरी एका पाच-सात एकरवाल्याची विहीर कुणाकुणाच्या रानातलं पाणी पिते ते दिसतं. यात कोणी चोर नाहीये. पण गावात असे पंप किती चालू शकतात याला एक आकडा आहे, आणि तो ग्रामसभेत कुणीच बोलत नाही.

आंध्रमध्ये सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः हे केलं होतं. पाऊस, विहिरीची पातळी आणि बोअरचा विसर्ग, तिन्ही गोष्टी ते स्वतः मोजायचे आणि रब्बीच्या आधी गावात बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचे. कुणी कुणावर पीक लादलं नाही. भिंतीवर आकडे लिहिलेले असायचे, ज्याने त्याने बघून ठरवायचं.

तर त्या मुलाला माझं सांगणं असं. कर्ज काढायच्या आधी पंधरा दिवस द्या. रोज सकाळी पंप लावायच्या आधी विहिरीची पातळी टेपने मोजा, काठावर रंगाने एक खूण करून त्याच खुणेपासून. एकदा विहीर उपसून बंद करा आणि दर अर्ध्या तासाला पाणी किती चढतं ते लिहा. तीच तुमच्या विहिरीची आवक. शेजाऱ्याचा बोअर कधी चालू, कधी बंद, तेही लिहा. त्याचा बोअर चालू असताना सकाळची पातळी रोज जास्त उतरत असेल, तर केसिंगचा संशय खरा. काहीच फरक दिसत नसेल, तर शेजारी तुमचं पाणी नेत नाहीये, आणि चारशे फुटांचं कर्ज पप्पांना दुसऱ्याच कशासाठी तरी फेडावं लागेल.

आणि आपला पंप किती देतो ते आज संध्याकाळी मोजा. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवायचा, मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं. ६७ सेकंदांत भरला तर सेकंदाला ३ लिटर. ५० सेकंदांत भरला तर ४. मार्चमध्ये पुन्हा मोजा, पाणी खाली गेलेलं असेल तर वेळ वाढलेला दिसेल. दोन्ही आकडे, विहिरीची खोली आणि पंपाचे रोजचे तास एवढं मला पाठवा. पंचवीस-तीस विहिरींचे आले, तर पुढच्या भागात गावाचं नाव न घेता त्या शीटवर बसवून दाखवतो.